गीझर, कन्व्हर्टर आणि बाप-लेकांचं एकच ब्लेड

सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर आणि शेवटी आमच्या घरच्या ग्रुपवरही तोच मेसेज आला. मजकूर थोडक्यात असा: मोबाईलवरून चालू-बंद होणारा पाचशे रुपयांचा वाय-फाय प्लग गीझरला लावा, वीजबिल निम्मं होतं. गीझरची जाड पिन बसत नसेल तर वीस-तीस रुपयांचा कन्व्हर्टर आणा. पाण्याची मोटरही त्याच प्लगवर चालते. टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स मोबाईलवरून बंद ठेवा. दाढीला महागडी कार्ट्रिज सोडा, सेफ्टी रेझर घ्या. एक ब्लेड जीन्सवर घासून सहा महिने वापरा, जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवलं की तेच घरातल्या सगळ्या पुरुषांना चालतं. वरून तुरटी फिरवली की जंतू मरतात.

सुरुवातीला मी दुर्लक्ष केलं. मग सहकारनगरच्या काकांचा फोन आला. "अरे, तो गीझरचा प्लग बसवला बरं का. तुला कशाला त्रास द्यायचा, मीच करून टाकलं." त्याच आठवड्यात कळलं की काका आणि माझा चुलतभाऊ एकाच रेझरने, एकाच ब्लेडने दाढी करायला लागलेत. आता गप्प बसणं शक्य नाही.

घरात रिले (छोट्या संकेतावर चालणारे स्विच), सेन्सर, ईएसपीचे छोटे वाय-फाय बोर्ड जोडत बसणं हा माझा जुना छंद. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाच्या तपकीर गल्लीत गेलो की रिकाम्या हाताने परत येत नाही. दाढीही ब्रश, साबण आणि दुधारी ब्लेडच्या रेझरनेच करतो. दोन्ही छंद खरोखर कमी पैशांत होतात आणि ते आणखी लोकांनी करावेत असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच हा मेसेज जास्त लागला. जिथे पैसे वाचवायचे नसतात, नेमकी तिथेच त्याने बचत सुचवली आहे.

आधी कन्व्हर्टर, कारण त्याने घर पेटू शकतं.

आपल्या घरांत दोन मापांची सॉकेटं असतात, सहा अँपिअरचं बारीक आणि सोळा अँपिअरचं जाड. पिनांची जाडी वेगळी ठेवलीय ती मुद्दाम, जास्त करंट ओढणारं यंत्र बारीक सॉकेटात जाऊच नये म्हणून. गणित शाळेतलं आहे. साठवणीचा १५ लिटरचा गीझर साधारण २००० वॅटचा आणि घरातला दाब २३० व्होल्ट, म्हणजे ८.७ अँपिअर. छोटा इन्स्टंट गीझर ३००० वॅटचा असला तर १३ अँपिअर. कन्व्हर्टर लावल्याने यातलं काहीच बदलत नाही. सॉकेट सहाचंच राहतं, त्याचा स्विच सहाचा, आणि जुन्या घरांत तिथवर आलेली वायरही बहुतेक वेळा दिव्या-पंख्याच्या हिशोबाची.

"एमसीबी आहे ना, काही झालं तर पडेल," असं काका म्हणाले. बहुतेक जण हेच म्हणतात आणि सगळ्यात धोकादायक समजूत हीच आहे. एमसीबी म्हणजे करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच. त्याला कळतो तो फक्त करंट. दहा किंवा सोळा अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने ८.७ अँपिअर म्हणजे सगळं ठीक. तापते ती सांध्याची जागा, सॉकेटातली पत्ती पिनेला जिथे टेकते ती. पत्ती सैल असेल आणि तिथे करंटला ०.१ ओहम जरी रोध, म्हणजे अडथळा, असेल, तरी ८.७ अँपिअरला त्या एवढ्याशा जागेत साडेसात वॅट उष्णता तयार होते. १३ अँपिअरला जवळजवळ सतरा वॅट, कारण उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हातात धरायचं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं आणि त्याने कथील वितळतं. इथे तर ती उष्णता प्लास्टिकच्या बंद डबीत कोंडलेली. प्लास्टिक मऊ पडलं की पत्ती आणखी सैल होते, रोध आणखी वाढतो. एवढं सगळं होईपर्यंत एमसीबी हलत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. डिसेंबरात सकाळी एकामागून एक आंघोळी होतात तेव्हा गीझर जवळपास सलग चालतो, सांध्याला थंड व्हायला उसंतही मिळत नाही.

काकांच्या बाथरूमबाहेर काय होतं ते सांगतो. भिंतीत सहाचं सॉकेट, त्यात वाय-फाय प्लग, त्यात कन्व्हर्टर, त्यात गीझरची पिन. एकाखाली एक तीन सांधे, आणि त्या सगळ्यांचं वजन भिंतीतल्या पत्तीवर. मेन बंद करून मी सगळं उतरवलं. एवढ्या थोड्या वापरातच कन्व्हर्टरच्या एका पिनेच्या बुडाशी पांढरं प्लास्टिक तपकिरी पडलं होतं. बोट लावलं तर पिन डगमगत होती, आणि नाकाजवळ नेल्यावर जळका वास येत होता. आयएसआयची खूण नाही, अँपिअरचा आकडाही नाही. वाय-फाय प्लगच्या पाठीवर मात्र आकडा होता, भिंग लागेल इतक्या बारीक अक्षरांत: कमाल १० अँपिअर. तीन हजार वॅटचा गीझर त्यावर लावणारं एखादं घर या मेसेजमुळे नक्की तयार झालं असणार.

स्वतः जोडाजोडी करणाऱ्या मित्रांनाही इथेच सांगतो. बाजारात मिळणाऱ्या निळ्या रिलेच्या डोक्यावर '१० अँपिअर, २५० व्होल्ट' छापलेलं असतं, ते वाचून गीझर जोडू नका. तो आकडा रिलेच्या आतल्या संपर्काचा आहे. त्याखालच्या बोर्डवरची तांब्याची पातळ पट्टी आणि टर्मिनलचे स्क्रू तेवढा करंट तासभर झेलतील, याची हमी त्यात नाही. दिवा, पंखा, फिश टँकचा पंप यांना तो बोर्ड उत्तम आहे.

गीझर मोबाईलवरून चालवायचाच असेल तर सोळा अँपिअरचे स्मार्ट प्लग मिळतात, आयएसआय खूण बघून घ्या. गीझरच्या स्वतंत्र सोळाच्या पॉइंटवर, पत्ती आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतलं तर २००० वॅटच्या गीझरला तो चालेल. जास्त वॅटच्या गीझरला कॉन्टॅक्टर, म्हणजे जड भारासाठीचा मोठा स्विच, बसवून घ्या. मग रिले फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवतो आणि खरा भार कॉन्टॅक्टर उचलतो. आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच, नसेल तर प्लगचे पैसे आधी त्यात घाला. पाणी आणि वीज एकत्र येते तिथे जीव वाचवणारी वस्तू ती आहे.

आता 'बिल निम्मं'. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.६ युनिट वीज लागते. प्लग साधा असो की वाय-फायचा, पाण्याला तेवढी उष्णता द्यावीच लागते. शिवाय पाणी तापलं की थर्मोस्टॅट गीझर आपोआप बंद करतोच. यात अर्धसत्य आहे ते मान्य करतो: टाकीतलं गरम पाणी हळूहळू थंड होतं आणि गीझर मधूनमधून ते पुन्हा तापवतो. गीझरवरच्या स्टारचं मोजमापही याच २४ तासांतल्या गळतीवर होतं. ज्या घरात गीझर दिवसभर चालू राहून जातो, तिथे टायमरने ही गळती वाचेल. जे आंघोळ झाली की बटण बंद करतात, त्यांचं काही वाचणार नाही. उलट तो प्लग स्वतः वॅटभर वीज खात वर्षभर जागा राहतो, म्हणजे वर्षाला पावणेनऊ युनिट.

पाण्याच्या मोटरबद्दल एवढंच. ती इंडक्शन मोटर असते आणि सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. त्या झटक्याने रिलेचे संपर्क एकमेकांना चिकटतात. ॲपवर 'बंद' दिसतं आणि मोटर चालूच राहते. मग एक तर गच्चीवरची टाकी वाहते, नाहीतर खालच्या टाकीतलं पाणी संपून मोटर कोरडी चालते. इथेही कॉन्टॅक्टर हवा, सोबत दोन्ही टाक्यांत फ्लोट स्विच, म्हणजे पाण्याच्या पातळीवर चालणारे स्विच.

सेट टॉप बॉक्सचा मुद्दा मात्र खरा आहे. रिमोटने बंद केलेला बॉक्स दहा वॅट घेत असेल तर महिन्याला सात युनिट होतात. त्यासाठी स्मार्ट प्लग घ्या हवं तर. सॉकेटच्या बटणानेही तो बंद होतो.

दाढीचा भाग वाचून मला जास्त वाईट वाटलं, कारण त्याची सुरुवात योग्य आहे. सेफ्टी रेझर घ्या, अवश्य घ्या. चांगलं ब्लेड चार-पाच रुपयांना मिळतं, चार-पाच दाढ्या होतात, म्हणजे दाढीमागे साधारण रुपया. ब्रश कोमट पाण्यात भिजवून साबणाचा फेस नीट फेटला, रेझर स्वतःच्या वजनाने फिरू दिला, दाबला नाही, तर कार्ट्रिजपेक्षा गाल कमी जळजळतो हा माझा अनुभव आहे. पण रुपयाच्या खाली जाण्यासाठी ब्लेड जीन्सवर घासून सहा महिने वापरायचं कशाला? २०२० साली एमआयटीच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं की दाढीच्या केसाने पोलादी धारेचे बारीक टवके उडतात. उडालेला टवका कापडावर घासून परत येत नाही.

आणि तेच ब्लेड सगळ्यांनी वापरायचं? इथे मला रागच येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिपॅटायटिस बी वरच्या माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलं आहे की हा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस टिकू शकतो, आणि तेवढ्या काळात लस न घेतलेल्या माणसाच्या शरीरात शिरला तर संसर्ग करू शकतो. दाढी करताना कातडीला डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतातच. हा आजार असलेल्या अनेकांना तो आहे हे वर्षानुवर्षं कळतही नाही, म्हणून 'आमच्या घरात कुणाला काही नाही' हे उत्तर पुरत नाही. या आजाराची लस देशभरातल्या बाळांच्या सरकारी लसीकरणात आली ती २०११ च्या सुमारास. काकांच्या पिढीतल्या बहुतेकांनी ती घेतलेलीच नाही, भावाच्या वयाच्या अनेकांनीही नाही.

जंतुनाशकाच्या पाण्यात ब्लेड दोन मिनिटं बुडवलं म्हणजे ते निर्जंतुक झालं असं नाही. दवाखान्यात त्यासाठी ऑटोक्लेव्ह असतो, १२१ अंशांची दाबाखालची वाफ. मी काकांना विचारलं, "तुम्ही सलूनमध्ये बसलात की काय म्हणता?" ते म्हणाले, "नवीन ब्लेड लाव." मग कारागीर आपल्यासमोर कागदातलं ब्लेड मधोमध मोडतो आणि अर्धं वस्तऱ्यात बसवतो. त्याने आधीच्या गिऱ्हाइकाचं ब्लेड पाण्यात बुडवून आणलं असतं तर काका खुर्चीतून उठले असते. घरात वेगळा नियम लावायला कारण नाही. रेझरही प्रत्येकाचा वेगळा हवा. साधा रेझर दोन-तीनशे रुपयांत येतो आणि वर्षानुवर्षं टिकतो.

तुरटीचं कौतुक मीही करतो. ती कातडी आकसवते, बारीक कापलेलं रक्त थांबवते, दाढीनंतर गार वाटतं. पण दुसऱ्याच्या ब्लेडवरून जखमेत आधीच शिरलेल्या विषाणूला वरून फिरवलेली तुरटी अडवू शकत नाही. आणि तुरटीचा खडाही प्रत्येकाचा वेगळाच हवा, कारण तो थेट कापलेल्या जागेवर फिरतो.

तुमच्या घरी कन्व्हर्टर लागला असेल तर आज गीझर चालू करू नका. आधी मेन बंद करा, कन्व्हर्टर उपसून काढा आणि त्याच्या पिना व सॉकेटची भोकं उजेडात बघा. कडा तपकिरी किंवा सुरकुतलेल्या दिसल्या तर ते सॉकेट कशालाच वापरू नका, मोबाईलच्या चार्जरलाही नाही. इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि त्याच्याकडून सॉकेटसोबत मागची वायरही बघून घ्या. काकांकडे ती चार बोटं आतपर्यंत कडक झाली होती.