जनुक धड असूनही

पार्किन्सन या हात थरथरवणाऱ्या मेंदूच्या आजारावरचा तुमचा लेख चांगलाच आहे, पण त्यातलं ‘पार्किन्सन म्हणजे जनुकातला बिघाड’ हे वाक्य वाचून आमच्या निपाणीकडच्या पाहुण्यांत फोनाफोनी सुरू झाली, आता पोरांचं काय म्हणून! बहुतेक रुग्णांत असा एकच सदोष जनुक सापडत नाही, हे आधी सांगायला हवं होतं.

शिवाय जनुक धड असूनही घोळ होतो. या आजारात मेंदूच्या पेशींत साठणाऱ्या अल्फा-सायन्युक्लिन या प्रथिनाचंच बघा. 1997 मध्ये त्याच्या जनुकातला दोष सापडला. 2003 मध्ये मात्र एका अमेरिकी कुटुंबात जनुक निर्दोष, फक्त त्याच्या प्रती जादा, आणि तरीही आजार! म्हणजे प्रथिन किती बनतं, यावरही गोष्टी अडतात. उलट ‘नर्र1’सारखी नियामक प्रथिनं डोपामिनची (हालचालींना लागणाऱ्या मेंदूतल्या रसायनाची) जनुकं चालू ठेवतात, ही प्रथिनं कमी पडली की मेंदूच्या सबस्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी दुबळ्या होतात. हात थरथरेपर्यंत त्यातल्या बऱ्याच गेलेल्या असतात. आमच्या काकांचा वास तर कंपाच्या कितीतरी आधी गेला. कुंद्याच्या मिठाईचा डबा नाकाशी धरला तरी वेलची कळेना. हे लक्षण लेखात नाही, ते टाकाच.

आणि आमच्या भागातलं एक. खानापूरच्या रानातल्या खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा (शरीरात त्याचं डोपामिन बनतं, डॉक्टरांच्या गोळीतही तेच) असतं हे खरंय, म्हणून पुड्या विकणाऱ्यांचं फावतं. पण पुडीत ते किती, कोण मोजणार? डॉक्टरांच्या गोळीवर ती पुडी घेतली तर मात्रा जास्त होऊन अंग आपोआप वेडंवाकडं हलायला लागू शकतं.