तुमचा डिप्पर आमच्या डोळ्यात

आज संध्याकाळी समोरून एक गाडी आली, आणि रस्ता, कडेचा पांढरा पट्टा, पुढचा सायकलवाला सगळंच गायब, नुसता पांढरा गोळा. मी लाईट वर-खाली करून इशारा दिला, म्हणजे डिप्पर मारला. परत मारला. तर त्या बाबाने उलट खरा अप्पर, म्हणजे लांबवर जाणारा वरचा झोत, लावून दाखवला! म्हणजे इतका वेळ जो डोळ्यात घुसत होता तो त्याचा डिप्पर, म्हणजे रस्त्यावर खाली पडायला हवा तो जवळचा झोत होता. त्याच्या डोक्यात तर मीच किरकिऱ्या असणार, कारण बटण त्याने खालीच ठेवलेलं. डोकं अजून तापलेलंच आहे, तसंच टाईप करतोय, चालवून घ्या.

आता लगेच म्हणतील, घरी कशाला हेडलाईटचे बल्ब बदलायचे उद्योग, गॅरेजला द्यायची ना गाडी. अजिबात नाही. मी घरी करणाऱ्यांच्याच पार्टीतला आहे. बॉनेट उघडा, कपलर (बल्बच्या मागचा वायरचा प्लग) ओढा, रबराची कॅप काढा, स्प्रिंगची क्लिप दाबून बाजूला करा, बल्ब हातात. हॅलोजनच्या काचेला फक्त बोट लावायचं नाही, बोटाचा तेलकटपणा राहतो, तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. यात न जमण्यासारखं काय आहे? माझा राग बल्ब बसवल्यावर जे होतं त्यावर आहे. लाईट लागला, पांढराशुभ्र दिसला, फोटो काढला, स्टेटसला टाकला, संपलं काम!

आमच्या मेव्हण्याचंच घ्या. एचफोरच्या (अप्पर-डिप्पर दोन्ही एकातच असलेला हॅलोजन बल्ब) जागी एलईडी टाकले आणि मला खाली बोलावलं, "दाजी, बघा, दिवस झाला की नाही!" झाला होता खरं. समोरची भिंत जमिनीपासून वरच्या गॅलरीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांपर्यंत उजळलेली. म्हटलं डिप्पर कर. "डिप्परच आहे दाजी."

अरे बाबांनो, एचफोरमध्ये दोन फिलामेंट असतात, आणि डिप्परच्या फिलामेंटखाली एक छोटीशी पत्र्याची वाटी असते. ती वाटी खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून रिफ्लेक्टरचा फक्त वरचा अर्धा भाग वापरला जातो आणि उजेड रस्त्यावर खाली पडतो. अख्खा रिफ्लेक्टर त्या केसाएवढ्या तारेच्या जागेवर बेतलेला असतो. तिथे तुम्ही जाड पट्टीवर चिप चिकटवलेला बल्ब घालणार, तोही कसाही फिरवून, आणि वर म्हणणार भारी पडतोय. मेव्हण्याच्या बल्बच्या चिप वर-खाली तोंड करून बसल्या होत्या. त्या घड्याळातल्या तीन आणि नऊकडे बघायला हव्यात. कॉलरचा, म्हणजे बल्बच्या बुडाच्या रिंगचा, बारीक स्क्रू सैल केला, बल्ब फिरवला, तेव्हा कुठे भिंतीवर आडवी रेघ उमटली. तरी रेघेच्या वर उजेड सांडत होताच. मागच्या पंख्यामुळे रबराची कॅप बसेना ते वेगळंच, म्हणजे पहिल्या पावसात आत वाफ धरणार.

मान्य, एलईडीला करंट कमी लागतो. आणि एलईडीसाठीच बनवलेला प्रोजेक्टरवाला (पुढे भिंग असलेला) अख्खा हेडलाईटचा सेट चांगला असतो, तेही मान्य. पण तो आपल्या बाजूच्या ट्रॅफिकचा आहे का ते तरी बघा. डावीकडून गाड्या चालतात तिथे डिप्परचा उजेड डाव्या कडेला थोडा वर चढलेला असतो, पाटी दिसावी, चालणारा माणूस दिसावा म्हणून. उजवीकडच्या ट्रॅफिकचा सेट लावलात की तोच उजेड थेट समोरच्याच्या तोंडावर.

खरं सांगू, "कंपनीचा लाईट मेणबत्तीसारखा आहे" ही तक्रार खोटी नाही. मेव्हणाही काही हौस म्हणून करत नव्हता, रात्री घरी येताना त्याला खरंच दिसत नव्हतं. पण दोष बहुतेक वेळा बल्बचा नसतोच. जुनी बारीक वायर, काळे पडलेले कनेक्शन, त्यात व्होल्टेज गळतं, आणि 10 टक्के व्होल्टेज कमी पोचलं की उजेड जवळपास 30 टक्के जातो. म्हणून त्याला म्हटलं, आधी रिले टाकू, म्हणजे थोड्याशा करंटवर चालणारा वेगळा स्विच, बल्बला थेट बॅटरीतून करंट देणारा. बॅटरीतून फ्यूज घेऊन 30 नंबरच्या पिनला, 87 वरून बल्बला, आणि जुनी स्विचची वायर फक्त 85-86 ला. बल्ब तोच जुना 60/55 वॅटचा, परत लावला. मेव्हणा गाडीभोवती दोन चकरा मारून आला आणि काही बोललाच नाही. त्याच्या एका मित्राने मात्र रिले न टाकता 100/90 चा बल्ब ठोकला होता, 8 अँपिअरच्या वर करंट त्याच सुतळीएवढ्या वायरमधून, होल्डर वितळून बल्बला चिकटला. पक्कडीने तोडून काढावा लागला.

म्हातारी माणसं रात्री गाडी चालवायची का सोडतात, विचारा कधी घरात. झगझगाटानंतर त्यांचे डोळे सावरायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात गाडी कितीतरी पुढे गेलेली असते. आंधळेपणाने. हे तुम्हाला मी सांगायला हवं का?

तर करा, घरीच करा, पण भिंतीसमोर गाडी लावा. जागा सपाट, टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हर सीटवर कोणीतरी बसवा, आत हेडलाईट वर-खाली करायचं लेव्हलचं चाक असेल तर ते शून्यावर. बल्बच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर टेप मारा. 10 मीटरवरून डिप्परची रेघ टेपच्या 10 सेंटीमीटर खाली आली पाहिजे, म्हणजे एक टक्का, बऱ्याच गाड्यांना एवढाच उतार लागतो आणि आकडा बहुतेकदा हेडलाईटवर किंवा आसपास छापलेला असतो. हेडलाईटच्या मागचे स्क्रू फिरवायचे, बस. मेव्हण्याला हे करायला बल्ब बसवण्यापेक्षा कमी वेळ लागला.

आणि कमेंटमध्ये कुठल्या कंपनीचे घेऊ विचारू नका, सांगणार नाही. आधी हेडलाईटची काच बघा, पिवळी पडलीय का. पडली असेल तर पाणी लावून आधी 1000 मग 2000 नंबरचा पॉलिश पेपर, मग पॉलिश, आणि वरून यूव्ही कोटिंग मारायचंच, नाहीतर काही महिन्यांत परत पिवळी होते.