दाजी, पळताय का चालताय?

सातारा ही माझी सासुरवाडी. जावयाने सासुरवाडीला जाऊन कंदी पेढे खावेत, दुपारी पंख्याखाली ताणून द्यावी, संध्याकाळी 'चार भिंती'च्या टेकडीवर वारा खायला जावं आणि सोमवारी पहाटेच्या एसटीने परत यावं, एवढीच माझी ह्या गावाकडून अपेक्षा होती. सोळा वर्षं सगळं सुरळीत चालू होतं. मग माझ्या मेव्हण्याने अकरा किलो वजन कमी केलं.

माणसाने एकदा वजन कमी केलं की त्याला गप्प बसवत नाही, दुसऱ्यांचंही कमी करावंसं वाटतं. उन्हाळ्यात एका रात्री त्याचा फोन आला, "दाजी, तुमचं नाव टाकलंय." मला वाटलं कुणाच्यातरी लग्नपत्रिकेत टाकलं असेल, म्हटलं असू दे की. तर म्हणे, "नाय ओ, हिल मॅरेथॉनला टाकलंय. सप्टेंबरात. हाफच आहे."

ह्या 'हाफच'ने माझा घात केला. हाफ चहा, हाफ तिकीट, हाफ चड्डी, आपल्याकडे हाफ म्हटलं की काहीतरी किरकोळ असतं. हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. हा आकडा असा रेशन दुकानातल्या बिलासारखा का, म्हणून मी चौकशी केली तर कळलं की १९०८ च्या लंडन ऑलिंपिकला शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू करून स्टेडियममध्ये राजघराण्याच्या बैठकीसमोर संपवायची होती, ते पूर्ण मॅरेथॉनचं अंतर भरलं ४२.१९५ किलोमीटर आणि पुढे १९२१ मध्ये तेच कायमचं झालं. म्हणजे राजघराण्याला बसल्या जागेवरून शेवट नीट दिसावा म्हणून शंभराहून जास्त वर्षांनी चिंचवडच्या एका पतसंस्थेतला क्लार्क ते वरचे साडेसत्त्याण्णव मीटर भोगणार. राजवाडा काय साताऱ्यातही आहे, पण त्याने कधी कुणाला असं छळलेलं नाही.

बायको हे ऐकून भाजी निवडायची थांबली आणि म्हणाली, "तुम्ही? तुम्ही तर सप्तपदीला सहाव्या पावलावर दम घेतला होतात." हे खोटं आहे, मी सोवळ्यात अडकलो होतो, पण सोळा वर्षांत हे मला सिद्ध करता आलेलं नाही. त्या एका वाक्यामुळे मी दुसऱ्या दिवशी जाऊन बूट घेतले. दुकानातल्या पोराने सांगितलं, पळताना पाय सुजतात, त्यामुळे अर्धा नंबर मोठा घ्या. किंमत ऐकून माझा चेहरा सुजला तो वेगळाच. घरी आल्यावर बायकोने बूट उलटे करून बघितले आणि विचारलं, "ह्यात मोटर कुठे असते?"

सरावाचं फार सांगत नाही, कारण फार केलाच नाही. आमच्या सोसायटीत एक रनिंगचा ग्रुप आहे, ते लोक पहाटे पाचला उठून निगडीच्या दुर्गा टेकडीवर जातात आणि त्यांच्यात पेस, कॅडन्स, लाँग रन, रिकव्हरी असले शब्द चालतात. मी चार महिन्यांत त्यांची भाषा शिकलो, पळायचं तेवढं राहिलं. एकदा मात्र सोळा किलोमीटर केले होते आणि त्याच्या नोंदीचा फोटो मी तीन ग्रुपवर टाकला होता, आमच्या घरच्या ग्रुपवरसुद्धा, तिथे आत्याने 'हॅपी बर्थडे' लिहिलं.

आणि एक बारीक गोष्ट शिकलो जी कुणी आधी सांगत नाही. लांब पळताना घामाने ओला झालेला टीशर्ट छातीवर इतका घासतो की नको त्या दोन जागी अक्षरशः रक्त येतं, म्हणून पुरुषांनी तिथे व्हॅसलीन चोपडायचं असतं. मी सासुरवाडीच्या न्हाणीघरात पहाटे पावणेचारला हे करत होतो, दाराची कडी नीट लागत नव्हती आणि सासूबाई गरम पाण्याची बादली घेऊन आल्या. त्या काही बोलल्या नाहीत. बादली ठेवली आणि गेल्या. पण त्यानंतर नाष्ट्याला माझ्याकडे थेट बघणं त्यांनी टाळलं, आणि मी बायकोला म्हटलं की जरा आईंना समजावून सांग, तर ती म्हणाली, काय समजावू?

बिब लावायला चार सेफ्टी पिना मिळतात. बिब म्हणजे छातीवर लावायचा नंबर, त्याच्या मागे चिप असते, ती आपली वेळ मोजते. चार पिना सरळ लावून नंबर आडवा, समांतर, मध्यभागी बसवणं हे माझ्या मते पळण्यापेक्षा अवघड आहे. माझा नंबर ४३१२ होता आणि तो शेवटपर्यंत डावीकडे कलंडलेलाच राहिला, फोटोत बघितलं तर मी वळणावर आहे असं वाटतं.

तर ही सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते, आणि २०१५ ला एकाच डोंगरावरच्या शर्यतीत सगळ्यात जास्त लोक पळाले म्हणून तिची गिनीज बुकात नोंदसुद्धा झाली. म्हणजे स्वतःच्या खिशातले पैसे भरून एवढी माणसं एका वेळी घाट चढत पळतात ही जगाला कळवण्यासारखी गोष्ट आहे हे गिनीजवाल्यांनाही पटलं. रस्ता साधा आहे. गावातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला थोडं पुढे जाऊन वळायचं आणि आल्या रस्त्याने खाली यायचं. 'कास' हा शब्द मेव्हण्याने मला फार शिताफीने वापरून दाखवला होता. "दाजी, सप्टेंबर म्हणजे कासच्या फुलांचा सीझन." मी डोळ्यांसमोर जांभळी-पांढरी पठारं आणली होती. कास पठार गावापासून पंचवीसेक किलोमीटर आहे आणि आपण वळतो ते त्याच्या कितीतरी अलीकडे, हे मला घाटात शेजारी पळणाऱ्या एका बाईंनी सांगितलं. त्या ते सांगून पुढे निघून गेल्या. फुलं म्हणाल तर एका आजींच्या केसांत अबोलीचा गजरा होता, तेवढीच.

सुरुवातीची गर्दी मजेशीर असते. सगळे उड्या मारत असतात, कुणी स्वतःचीच मांडी थोपटतंय, कुणी घड्याळ आभाळाकडे धरून सॅटेलाइट पकडतंय, आणि तात्पुरत्या संडासांसमोर जी रांग असते तिच्यात लहानथोर, गरीबश्रीमंत असा भेद राहत नाही. पहिले दोन किलोमीटर मी इतका भारी पळालो की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. पोवई नाका, मग राजवाड्याची बाजू, दोन्हीकडे माणसं, ढोल, लेझीम, एका ठिकाणी बँजो. मी एका लहान पोराला टाळीसुद्धा दिली. समर्थ मंदिरापर्यंत मी खेळाडू होतो.

मग घाट लागला.

इथे मला जे सांगायचंय ते येतं, बाकी सगळं प्रस्तावना समजा. मला वाटलं होतं मॅरेथॉनमध्ये त्रास पळण्याचा असतो. नसतो. माणूस दमला की चालतो, साधी गोष्ट आहे, वारीला लाखो लोक चालतात, त्यांना कुणी काही म्हणत नाही. पण सातारकर तुम्हाला चालू देत नाहीत. तुम्ही जरा वेग कमी केला, कमरेवर हात ठेवला की कुठूनतरी आवाज येतो, "शाब्बास! थांबायचं नाय!" कठड्यावर बसलेला माणूस, छत्रीतल्या बायका, शाळेच्या गणवेशातली मुलं, रस्त्यावर उभा पोलीस, सगळे. पावसाची भुरभुर चालू, खाली दरीत धुकं, मागे वळून बघितलं तर अजिंक्यतारा अर्धा ढगात, इतकं सुंदर की तिथे दोन मिनिटं उभं राहणं हा माणुसकीचा भाग आहे, आणि मी उभा राहिलो तर एक गृहस्थ मोटरसायकलच्या सीटवर आरामात बसून मला म्हणाले, "चला चला, आता काय नाय राहिलं." चौदा किलोमीटर राहिले होते हो.

मग मी एक युक्ती काढली. वळणांवर माणसं असतात, मधल्या सरळ भागात नसतात. त्यामुळे वळण आलं की पळायचं, हसरा चेहरा ठेवायचा, हात हलवायचा आणि वळण संपलं की चालायचं. ही युक्ती फक्त मलाच सुचली नव्हती, आजूबाजूचे पाचपन्नास लोक वळण आलं की एकदम टुणकन पळायला लागायचे, वरून कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं ह्या लोकांना कुणीतरी थांबून थांबून चावी देतंय. पण एका सरळ पट्ट्यात नेमका एक आठनऊ वर्षांचा मुलगा एकटाच दगडावर बसला होता. हातात बिस्किटाचा पुडा. त्याने माझ्याकडे नीट बघितलं, आधी पायांकडे मग तोंडाकडे, आणि विचारलं, "काका, तुम्ही पळताय का चालताय?"

प्रश्नात खवचटपणा नव्हता हो. त्याला खरंच कळत नव्हतं.

मी म्हटलं, "पळतोय." आणि मग पळावं लागलं, कारण तो बघत होता.

अजून एक अपमान ह्या रस्त्याचा असा की जायचा यायचा रस्ता एकच. आपण सहाव्या किलोमीटरला जीव मुठीत धरून वर चढत असतो आणि समोरून पहिले आलेले लोक वळून खाली येताना दिसतात. त्यांचे पाय रस्त्याला लागतात की नाही हेच कळत नाही, आवाज नाही, चेहऱ्यावर घाम नाही, सप्प करून गेले. ललिता बाबर ह्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्याच्या, रिओ ऑलिंपिकला स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलला पोचलेल्या, तेव्हा इथल्या हवेत काहीतरी आहे हे नक्की, पण ते जावयांना लागू होत नाही. मग नंतर दहाव्या किलोमीटरला एक सत्तरीचे आजोबा माझ्या बाजूने गेले. स्लीव्हलेस बनियन, काळी अर्धी चड्डी, साधे पांढरे कॅनव्हासचे बूट. जाताजाता मला म्हणाले, "श्वास नाकानं घ्या." मी कुठून घेत होतो ते मलाच माहीत नव्हतं.

वळलो तेव्हा वाटलं सुटलो, आता उतार. उतार हे मोठं फसवं प्रकरण आहे. चढाला फुप्फुसं जातात, उताराला मांड्या. प्रत्येक पावलाला शरीर पुढे ढकललं जातं आणि मांडीचे स्नायू ताणले जाऊन ब्रेकसारखे काम करतात, बूट पुढे नखांवर आपटतात. सतराव्या किलोमीटरला डाव्या पोटरीत गोळा आला तेव्हा एका स्वयंसेवक मुलीने धावत येऊन स्प्रे मारला, तो इतका गार होता की माझ्या तोंडून जो शब्द गेला तो सासुरवाडीत वापरायचा नसतो. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मिठाची संत्र्याची फोड दिली. ती फोड मला अजून आठवते. मीठ जरा जास्तच झालं होतं, रस कोपरापर्यंत गेला, पण तेवढ्या चवीचं मी आयुष्यात काही खाल्लेलं नाही, सासूबाईंच्या पुरणपोळीची माफी मागून सांगतो.

शेवटी घड्याळाने घोळ घातला. आपण रस्त्याच्या ह्या कडेने त्या कडेला जात पळतो, वळणं बाहेरून घेतो, त्यामुळे हातातल्या घड्याळात अंतर जास्त भरतं. माझ्या घड्याळाने २१.१ दाखवून टिंग केलं, मनगट थरथरलं, पडद्यावर अभिनंदन वगैरे आलं आणि समोर शेवटची कमान कुठेच नव्हती. घड्याळाच्या मते मी पोचलो होतो. मी त्या विंडसरच्या राजघराण्याला मनातल्या मनात जे काही बोललो ते बोललो आणि पुढचे चारशे मीटर गेलो. मेव्हणा कमानीपाशी तासाभरापासून उभा होता, केळं खात, केस विंचरून. "दाजी, एक नंबर!" असं ओरडला. तीन तास सात मिनिटं.

मेडल गळ्यात, चांदीच्या कागदात गुंडाळलेल्या पेढ्यासारखा चमकत घरी आलो. पायऱ्या चढता आल्या. उतरता येत नव्हत्या, त्यासाठी उलटं व्हावं लागत होतं, कठडा धरून पाठमोरा, शिडीवरून उतरल्यासारखा, हे पुढे तीन दिवस चाललं आणि उजव्या अंगठ्याचं नख आधी काळं झालं मग दिवाळीच्या सुमाराला गेलं. ऑफिसात सगळ्यांनी एकच विचारलं, कितवा आलास? मी सांगायचो, तिथे तसं नसतं, आपली आपल्याशीच स्पर्धा असते. त्यावर आमचे कॅशियर म्हणाले, "मग तिच्यात तरी कितवा आलास?"

पण त्या दिवशी दुपारी, मी खुर्चीत पाय वर करून बसलो असताना सासूबाई ताट घेऊन आल्या. पहाटेनंतर पहिल्यांदाच नीट माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्याकडे नाही, छातीवरच्या त्या कलंडलेल्या कागदाकडे. चष्मा वर सरकवून वाचलं.

"चार हजार तीनशे बारावा?"

बायको सांगायला गेली की आई तो नुसता ओळखीचा नंबर असतो, पण मी तिला डोळ्यांनीच गप्प केलं. निकालाचा मेसेज नुकताच माझ्या फोनवर आला होता आणि त्यातला नंबर ह्याच्या बराच मागे होता.

"हो," मी म्हटलं.

"बरं झालं की मग," म्हणाल्या आणि ताटात आणखी एक पोळी वाढली.