‘एका दाढेसाठी एवढा खटाटोप कशाला?’ या रिव्ह्यूला क्लिनिकचं उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू शनिवारी रात्री वाचला, रविवारी सकाळी पुन्हा वाचला आणि मग तुमच्या बाबांची फाइल काढून बसले. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : खालच्या एका दाढेचा इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर नवी दाढ), ओपीजी म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढलेला होता, तरी बाबांना तासगावहून मिरजेला स्कॅनला पाठवलं, त्यात आमचा कट, म्हणजे कमिशन, असणार. गाइडचे साडेचार हजार आधी सांगितले नाहीत. आणि ठरलेल्या दिवशी खुर्चीत बसवून ‘आज होणार नाही’ म्हणून परत पाठवलं. बाबांच्या तब्येतीबद्दल मी इथे चारचौघांत काही लिहिणार नाही. तुम्ही जेवढं लिहिलंय, तेवढ्यावरच बोलते.

आधी आमची चूक, कारण ती खरी आहे.

गाइड म्हणजे दातांवर टोपीसारखी बसणारी, थ्रीडी प्रिंटरवर काढलेली पारदर्शक पट्टी. तिला एक भोक असतं, त्यातूनच ड्रिल जातं. ती बनवताना मिरजेच्या स्कॅनमधलं हाड आणि आम्ही तोंडात कॅमेरा फिरवून घेतलेला दातांचा आकार, ही दोन्ही चित्रं कॉम्प्युटरवर एकमेकांवर तंतोतंत बसवतात. बाबांच्या तोंडाचं ते चित्र घेतल्यानंतर शेजारच्या दाढेचं जुनं फिलिंग निघालं आणि नवं आम्हीच भरलं. दाढेचा आकार बदलला, म्हणजे चित्र परत घ्यायला हवं होतं. ते राहिलं. त्या दिवशी भूल द्यायच्या आधी गाइड बसवून पाहिली, तर एका बाजूला बोट टेकवलं की दुसरी बाजू उचलायची. गाइड नीट बसली की नाही हे दिसावं म्हणून तिला बारीक खिडक्या ठेवलेल्या असतात. त्या खिडकीतून दात आणि पट्टी यांच्यामध्ये फट दिसत होती, नखाच्या जाडीची.

बाबा म्हणाले, ‘एवढ्याने काय होतंय, करून टाका.’ मी केलं नाही, आणि त्याबद्दल माफी मागणार नाही. गाइडच्या भोकापासून ड्रिलच्या टोकापर्यंत साधारण 20 मिलिमीटर अंतर असतं. गाइड 5 अंशांनी जरी कलली, तरी टोक पावणेदोन मिलिमीटर बाजूला जातं. खालच्या दाढेखाली जिभेच्या बाजूला हाड आत वळलेलं असतं. ड्रिल तिथून बाहेर आलं तर जिभेखालची रक्तवाहिनी दुखावू शकते, सूज वाढून श्वासाची वाट अडू शकते. गाइड नीट बसलेली असतानाही फरक पडतोच. अभ्यासांमध्ये तो सरासरी हाडाच्या तोंडाशी 1.2 मिलिमीटर, टोकाशी 1.4 मिलिमीटर आणि कोनात साडेतीन अंश निघाला आहे. त्यात हलणाऱ्या गाइडची भर घालायला माझा हात धजावला नाही. माफी मागते ती दुसऱ्या गोष्टीची : ही फट मला आदल्या आठवड्यात दिसायला हवी होती. तुमची रजा गेली, बाबांचा दिवस गेला. आता गाइड आली की आधी पाच मिनिटांसाठी पेशंटला बोलावून ती बसवून पाहतो आणि मगच तारीख देतो.

पैशांचंही तुमचं बरोबर आहे. इम्प्लांटचा खर्च बोलताना मी गाइडचा आकडा वेगळा सांगितला नव्हता. दुसऱ्या गाइडचे पैसे आम्ही घेतलेच नाहीत, पण पहिलीचेही घ्यायला नको होते.

स्कॅनबद्दल मात्र मी ठाम आहे. ओपीजी हे सपाट चित्र. त्यात हाडाची उंची दिसते, जाडी दिसत नाही. शिवाय ते वाढवून दाखवतं. 25 टक्के वाढ धरली तर साडेबारा मिलिमीटर दिसणारं हाड प्रत्यक्षात 10 मिलिमीटर असतं. खालच्या जबड्यात दाढांच्या मुळांखालून एक नस ओठापर्यंत जाते आणि तिच्यापासून किमान 2 मिलिमीटर लांब राहायचं असतं. ती दुखावली तर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते, कधी कधी कायमची. चहा ओठावरून ओघळला तरी कळत नाही. शिवाय दाढ काढल्यावर पहिल्या वर्षातच तिथली हाडाची रुंदी जवळजवळ निम्मी होऊ शकते. वरून हिरडी चांगली भरलेली दिसते, आत हाड सुरीच्या पात्यासारखं. इम्प्लांटच्या चारही बाजूंना निदान मिलिमीटरभर हाड हवं, ते आहे की नाही हे सीबीसीटीत, म्हणजे मिरजेला काढला त्या थ्रीडी स्कॅनमध्येच दिसतं.

तुमच्या ओळखीचे डॉक्टर ओपीजीवर एका बैठकीत इम्प्लांट बसवतात, असं तुम्ही लिहिलंय. अनेक वर्षं सगळेच तसं करायचे, मीही केलंय. हाड भरपूर असेल तर गाइडशिवाय मी आजही करते, पण स्कॅन पाहूनच.

रेडिएशन ओपीजीपेक्षा जास्त असतं, हे खरं. म्हणूनच चिठ्ठीवर पूर्ण चेहरा न लिहिता फक्त खालचा जबडा लिहिला होता. हॉस्पिटलमधल्या नेहमीच्या सीटी स्कॅनपेक्षा ते बरंच कमी असतं.

आणि कट. स्कॅनचे पैसे तुम्ही सेंटरला दिलेत, पावती तुमच्याकडे आहे. त्यातला एक रुपया इथे येत नाही. हा शब्द वाचून वाईट वाटलं, पण आपल्याकडे तो का येतो हेही मला कळतं. तुम्ही सेंटरला सरळ विचारा. स्कॅनची सीडी तुमचीच आहे. कोणत्याही डेंटिस्टला दाखवा आणि स्कॅनशिवाय हे काम केलं असतं का, एवढंच विचारा.

जमलं तर बाबांना घेऊन या. स्क्रीनवर ती नस रंगवून दाखवते, गाइडही हातात घेऊन बघा. सीडी आणि पहिल्या गाइडचे साडेचार हजार रिसेप्शनवर बाबांच्या नावाच्या पाकिटात ठेवलेत. दुपारी 2 ते 5 बंद असतं, त्यानंतर रात्री 9 पर्यंत मी इथेच असते.