खुलासा: मिसळ, ताक आणि आतड्याची सूज
नाशिकच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरतंय: ‘मिसळीने आतडं सुजतं, आठवडाभर नुसतं ताक प्या, आतड्यातले जिवाणू कायमचे बदलतील.’

मटकी बिचारी उगाच बदनाम झाली. तिच्यातला न पचणारा चोथा मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात, त्यातून ब्युटिरेट नावाचं मेदाम्ल तयार होतं. आतड्याच्या अस्तराच्या पेशी बऱ्याच अंशी त्यावरच जगतात, सूजही आटोक्यात राहायला मदत होते. चोथा मिळालाच नाही, तर काही जिवाणू अस्तरावरचा बुळबुळीत थर खाऊ लागतात. उंदरांवरच्या प्रयोगात हे दिसलंय. (म्हणून रोज तर्री ओरपा असं नाही.)

आहार बदलला की जिवाणू काही दिवसांत बदलतात, हे खरं. जुनं खाणं सुरू झालं की बहुतेक पूर्ववत होतात. ताकातले तर सहसा मुक्कामही करत नाहीत. शौचातून रक्त जात असेल, तर ताक राहू द्या, आधी डॉक्टर गाठा. कोलायटिसची (मोठ्या आतड्याच्या सुजेची) चालू औषधं परस्पर बंद करू नका.