परदेशातून : टेंडरलॉइन कुणाचं?

गेल्या वर्षी, २०२५च्या १४ ऑगस्टला रात्री मामेभावाला घेऊन लोअर परळला जेवायला गेलो. जुन्या गिरणीच्या आवारातलं स्टेकहाउस. मंद दिवे, चामडी खुर्च्या, हातात घेतल्यावर वजन जाणवेल अशी सुरी. श्रावण चालू होता. भाऊ म्हणाला, "दादा, मी श्रावण फक्त डोंबिवलीच्या हद्दीत पाळतो."

मेनूकार्डावर कोकरू कुठल्या देशातून आलं, मीठ कुठलं, मशरूम कुठले, सगळं लिहिलेलं. 'टेंडरलॉइन'पुढे, म्हणजे पाठीतल्या सगळ्यात मऊ मांसाच्या तुकड्यापुढे, मात्र जनावराचं नावच नाही. विचारलं, तर वेटर वाकून, शेजारच्या घरातल्या आजारपणाची चौकशी करावी तशा आवाजात म्हणाला, "बफ आहे सर." म्हणजे म्हैस. वांद्र्याचे खाटीक ज्याला 'अंडरकट' म्हणतात, तेच.

दुसरं असणारच नव्हतं. गोहत्याबंदीचा कायदा आपल्याकडे १९७६चा. त्यात बैल आणि वळूंची भर घालणारी दुरुस्ती १९९५मध्ये झाली, पण तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली २०१५मध्ये. बाहेरून गोमांस आणायलाही देशात बंदी. म्हणून मुंबईतला उंची स्टेक म्हशीच्या जिवावर उभा आहे. चवीला वाईट मुळीच नाही. चरबी कमी, त्यामुळे आचाऱ्याचा हात जरा चुकला की चिवट होतो. इथे चुकला नव्हता. मध्ये गुलाबी, बाहेरून खरपूस. भावाने "रक्त आहे रे" म्हणून तोंड वाकडं केलं. ते रक्त नसतं, स्नायूंमधल्या मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा रंग असतो, हे मी त्याला सांगितलं. अमेरिकेत राहून आलेल्या माणसाची ही खोड जात नाही.

मी न्यू जर्सीत बारा वर्षं आहे. तिथल्या महागड्या स्टेकहाउसात अमेरिकी कृषी खात्याचा शिक्का मिरवतात : 'यूएसडीए प्राइम'. मांसात चरबीची जाळी किती, जनावराचं वय किती, हे बघून सरकारी माणूस प्रत ठरवतो. आमच्याकडचं सरकार जनावर कोणतं ते बघतं. हा फरक मी पूर्वी फार ऐटीत सांगायचो. मग कळलं, की कॅलिफोर्नियात १९९८मध्ये लोकांनी मतदान करून घोड्याचं मांस विकायला बंदी घातली. म्हणजे माझा युक्तिवाद माझ्याच अंगावर आला. प्रत्येक समाजाचं एखादं जनावर ताटाबाहेर असतं. पण कॅलिफोर्नियात घोडा हे कुठल्या वस्तीचं रोजचं स्वस्त कालवण नव्हतं. आणि आपल्याकडे भाकड बैल बाजारात नेऊन दोन पैसे करणाऱ्या शेतकऱ्याची ती वाटही बंद झाली. त्याला कुणी विचारलं?

त्या आठवड्यात वाद वेगळाच पेटला होता. कल्याण-डोंबिवली महापालिकेने कत्तलखाने आणि मटण-चिकनची दुकानं १५ ऑगस्टला २४ तास बंद ठेवायचा आदेश काढला होता. आमच्या घरी गटारी झाली की आईची मटणाची पातेली माळ्यावर जातात ती गणपती होईपर्यंत उतरत नाहीत. त्यासाठी तिला पालिकेची नोटीस कधी लागली नाही. स्वातंत्र्यदिनी आपण काय शिजवायचं हे आयुक्तांनी ठरवावं, यातला विनोद निदान त्या दिवशी तरी कुणाच्या ध्यानात यायला हवा होता.

पण माझा खरा राग आमच्यावर, परदेशातल्यांवर आहे. त्या उन्हाळ्यात न्यू जर्सीतल्या एडिसनला एका मराठी मित्राच्या अंगणात बार्बेक्यू होता. यजमान एका हाताने बीफ बर्गर उलटत होते, दुसऱ्या हातातल्या फोनवर बंदीच्या बातमीला अंगठा देत होते. "तिकडे असंच पाहिजे." तिकडे म्हणजे जिथे आपल्याला राहायचं नाही तिथे. मी काही बोललो नाही. बर्गर चांगला झाला होता, तोही खाल्ला.

बिल आलं. आकडा सांगत नाही. भाऊ म्हणाला, एवढ्यात त्याच्या सोसायटीचा तीन महिन्यांचा मेंटेनन्स निघेल. या दिव्यांखाली कुणी डबा उघडून बघत नाही, हा त्या किमतीचाच भाग असावा. दुसऱ्या दिवशी शटर पडणार होतं ते भावाच्या इमारतीखालच्या मटणवाल्याचं.

त्याच्या ताटात निम्मा तुकडा उरला होता. "पार्सल करून देऊ सर?" वेटरने विचारलं. भाऊ हो म्हणणार होता. मग थांबला. आदल्याच वर्षी, २०२४च्या ऑगस्टमध्ये, धुळ्याहून मुंबईला येणाऱ्या एक्स्प्रेसमध्ये इगतपुरीजवळ एका म्हाताऱ्या प्रवाशाला डब्यातल्या मांसावरून मारहाण झाली होती. गोमांस असल्याचा संशय. ते म्हशीचं आहे असं तो सांगत होता. त्याचा व्हिडिओ आम्ही दोघांनीही पाहिला होता.

"नको," भाऊ म्हणाला. "लोकलने जायचंय."