जॉन कोलमनच्या ५३७ गोलांवर चढलेली पुटं

ऑस्ट्रेलियन फुटबॉलची (सॉकर नव्हे, अंडाकृती चेंडूने खेळला जाणारा तिथला वेगळा खेळ) आवड असणाऱ्यांमध्ये एक मजकूर वरचेवर फिरतो. मेलबर्नच्या एसेंडन क्लबचा फुल-फॉरवर्ड, म्हणजे गोलासमोर खेळणारा मुख्य आक्रमक, जॉन कोलमन याची गोलांची सरासरी आजवरची सर्वोच्च. १९५१ मध्ये त्याच्या एकट्यावर अन्यायाने बंदी आली आणि एसेंडनचं विजेतेपद हुकलं. गुडघा शाबूत राहिला असता तर गॉर्डन कॉव्हेन्ट्रीचा तेव्हाचा १,२९९ गोलांचा कारकिर्दीचा विक्रम त्याने सहज मोडला असता. पंचविसाव्या वर्षी त्याचं सगळं संपलं. कोलमन महान होता यात वाद नाही. पण या चारही विधानांत कुठे ना कुठे गफलत आहे.

सरासरीचं आधी उरकू. कोलमनचे ९८ सामन्यांत ५३७ गोल, म्हणजे सामन्याला ५.४८. हॉथॉर्न क्लबचा फुल-फॉरवर्ड पीटर हडसन याचे १२९ सामन्यांत ७२७, म्हणजे ५.६४. पहिला हडसन, दुसरा कोलमन. ब्रॅडमनच्या ९९.९४ सारखा कोलमनचा आकडा लोकांच्या तोंडी बसलाय, त्यामुळे पडताळायला कोणी जात नाही. शिवाय कोलमनच्या आकड्यात उतरतीची वर्षं नाहीतच. कॉव्हेन्ट्रीची ४.२५ ही सरासरी ३०६ सामन्यांची आहे. त्यात पाय जड झाल्यानंतरचे हंगामही आले.

१९५१ च्या प्रकरणात अर्धं खरं आहे, म्हणून ते जास्त टिकतं. साखळीच्या शेवटच्या सामन्यात कार्लटनच्या हॅरी कॅस्परशी त्याची हाणामारी झाली. ट्रायब्युनलने, म्हणजे लीगच्या शिस्तपालन मंडळाने, कोलमनला चार सामन्यांची बंदी घातली आणि साखळीनंतरची अख्खी अंतिम फेरी त्याच्या हातून गेली. आधी कुरापत काढली गेली आणि कोलमनने उलट मारलं, हे सुनावणीतही आलं होतं. पण तेव्हा प्रत्युत्तरालाही माफी नव्हती. मजकुरात वगळलेली गोष्ट अशी की कॅस्परलाही तितकीच, चार सामन्यांची, बंदी झाली. ‘एकट्यावर’ हा शब्द तिथेच गळतो.

मग विजेतेपदाचं काय? अंतिम सामन्यात जीलाँगने ११ गोल १५ बिहाइंड, एकूण ८१ गुण केले. एसेंडनने १० गोल १० बिहाइंड, एकूण ७०. गोलाचे सहा गुण आणि बिहाइंडचा, म्हणजे थोडक्यात बाजूने गेलेल्या फटक्याचा, एक, म्हणजे फरक दोन गोलांहूनही कमी. ‘कोलमनचे पाच गोल मिळवा, झालं’ असं लगेच म्हटलं जातं. पण फुल-फॉरवर्डचे गोल असे वरून मिळवता येत नाहीत. तो खेळत असता तर चेंडू त्याच्याकडेच गेला असता आणि त्या दिवशी बाकीच्यांनी केलेले काही गोल झालेच नसते. तो असता तर एसेंडनची बाजू वरचढ ठरली असती, इतपत मी मानतो. त्यापुढे जाणं म्हणजे अंदाजाला निकालाचा शिक्का मारणं. आणि हेही पाहा : त्या हंगामात ८६ गोलांसह लीगमध्ये पहिला आलेला जीलाँगचा जॉर्ज गोनिनन हा आधी एसेंडनचाच खेळाडू. कोलमनमुळे फुल-फॉरवर्डची जागा अडलेली, म्हणून तो १९५० मध्ये जीलाँगला गेला. कोलमनच्या असण्याचीही किंमत एसेंडनने मोजली, ती या हिशेबात कोणी धरत नाही.

आता १,२९९. तिथवर नुसतं पोचायलाच कोलमनला आणखी ७६२ गोल लागले असते. ५.४८ ची गती कायम धरली तर १३९ सामने. पाच पूर्ण हंगामांत तो अंतिम फेऱ्या धरून सरासरी १८ सामने खेळला. त्या हिशेबाने १९६२ उजाडतं आणि तो ३३ वर्षांचा होतो. गती चारवर आली तर १९१ सामने, म्हणजे १९६४ चा शेवट, वय ३५. ‘सहज’ हा शब्द इथे कुठे बसतो? त्यात पुढचा काळ गोलांना मारक. १९५६ मध्ये लीगचा अव्वल गोलकर्ता सेंट किल्डाचा बिल यंग, गोल ५६. १९६१ मध्ये कार्लटनचा टॉम कॅरल, गोल ५४. खुद्द एसेंडनचा रॉन इव्हान्स १९५९ आणि १९६० मध्ये अव्वल आला तो ७८ आणि ६७ गोलांवर. १९५२ मध्ये कोलमनने १०३ केल्यानंतर शंभरी थेट १९६८ मध्ये, हडसनने गाठली. आता याच आकड्यांवरून कोणी म्हणेल की कोलमन इतरांच्या किती पुढे होता बघा. बरोबर आहे, आणि त्याची थोरवी सांगायला हाच पुरावा चांगला. घडलेल्या गोष्टींवर तरी उभा आहे.

कोलमनचा गुडघा निखळला तो १९५४ च्या आठव्या फेरीत, नॉर्थ मेलबर्नविरुद्ध. आदल्याच आठवड्यात त्याने फिट्झरॉयविरुद्ध १४ गोल केले होते. शस्त्रक्रिया झाली, परतण्याची धडपडही केली, पण १९५६ च्या हंगामाआधी ती सोडावी लागली. हडसनचाही गुडघा १९७२ मध्ये गेला, तरी १९७७ मध्ये त्याने ११० गोल केले. कोलमनला ती दुसरी संधी मिळाली नाही.

‘सगळं संपलं’ मात्र चूक. १९६१ ते १९६७ तो एसेंडनचा प्रशिक्षक होता आणि १९६२ व १९६५ अशी दोन विजेतेपदं त्याने मिळवून दिली. १९६५ ला तर संघ साखळीत चौथा होता. खेळाडू म्हणून १९४९ आणि १९५० ची दोन आधीच खात्यात होती. ५ एप्रिल १९७३ रोजी, वयाच्या ४४ व्या वर्षी, हृदयविकाराने तो गेला.